शिकार साफ करताना स्वतःला आणि मांसाला कसं सांभाळायचं

हातमोजे चढवायचे, पोट उघडायचं आणि मध्येच त्याच रक्ताळलेल्या मोज्यांनी खिशातला मोबाईल काढून फोटो घ्यायचा. मोजे नंतर कचऱ्यात जातात, मोबाईल मात्र कानाला लागतो. शिकार साफ करताना होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. साहित्य असतं, माहितीही असते, चुकतो तो क्रम. कोणत्या हाताने काय धरायचं, कधी काय उघडायचं, हे सुरी हातात घेण्याआधी ठरलेलं नसतं. खालचे टप्पे हरणाच्या आकाराचं जनावर डोळ्यापुढे ठेवून लिहिले आहेत. रानडुक्कर, ससा आणि पाणपक्षी यांच्या बाबतीत जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. ज्या देशांत परवाना आणि ठरलेला हंगाम यांच्या चौकटीत शिकार चालते तिथल्या वाचकांसाठी हा लेख आहे.

## नेमका धोका कुठून येतो

रोगजंतू अंगात शिरायच्या वाटा चारच: कापलेली किंवा खरचटलेली कातडी, डोळे-नाक-तोंड, श्वास आणि गोचिडाचा चावा. पुढची सगळी खबरदारी या चार वाटा बंद करण्यासाठी आहे, त्यामुळे एखादी पायरी गाळावीशी वाटली तर ती कुठली वाट अडवते ते आधी बघा.

जनावरानुसार धोका बदलतो. ससे आणि उंदीरवर्गीय प्राण्यांत तुलारेमिया असतो. त्याचे अगदी मोजके जिवाणू, दहा ते पन्नास, आजार द्यायला पुरतात, आणि ते बारीकशा ओरखड्यातूनही शिरतात. रानडुकरात ब्रुसेलोसिस. त्याचे जिवाणू रक्तात असतात, पण जननेंद्रियं आणि गर्भाशयातल्या द्रवात फार मोठ्या संख्येने. मूत्रपिंड आणि लघवीतून लेप्टोस्पायरोसिस येऊ शकतो. पाणपक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू. हरणवर्गात, म्हणजे हरीण, एल्क, मूस, रेनडिअर यांत, ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा मेंदूचा रोग काही भागांत पसरलेला आहे. तो माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण त्याला कारणीभूत असलेला प्रिऑन (एक प्रकारचं बिघडलेलं प्रथिन) शिजवून नष्ट होत नाही. म्हणून बाधित जनावराचं मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे.

गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांनी या कामात हातच घालू नये. मोजे घालूनही नाही.

## १. घरून निघण्याआधी

पिशवी भरताना सामान दोन भागांत विभागा: मळकं आणि स्वच्छ. मळक्या पिशवीत सुरी, दोरी, मोजे, कागद. स्वच्छ पिशवीत साबण, पिण्याचं पाणी, मलमपट्टी, बदलायचे कपडे. काम सुरू झालं की स्वच्छ पिशवीला मळका हात लागायचा नाही. दोन पिशव्यांचे रंग वेगळे असले तर घाईतही चूक होत नाही.

हातमोजे. नायट्राईलचे घ्या. ते लेटेक्सपेक्षा सहसा कमी फाटतात आणि लेटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनाही चालतात. एका माणसामागे निदान सहा जोड्या असाव्यात. एक जोडी घेऊन जाणं म्हणजे मोजा फाटला तरी तोच वापरत राहायचं, हे आधीच ठरवून टाकणं. जनावरांच्या डॉक्टरांकडे असतात तसे खांद्यापर्यंत येणारे पातळ प्लास्टिकचे मोजेही ठेवा. छातीत हात घालायची वेळ येते तेव्हा कोपराच्या वरपर्यंत रक्त लागतं, आणि मनगटापुरता मोजा तिथे निरुपयोगी ठरतो.

ज्या हातात सुरी नसते त्या हातासाठी एक कापरोधी मोजा घ्या. शिकारी स्वतःला कापून घेतात ते बहुतेक वेळा याच हाताला, कारण पोटाच्या आत तो नजरेआड असतो. मात्र हा मोजा धारेचा घाव अडवतो, टोकाचा भोसका अडवत नाही.

सुरी. सात ते दहा सेंटिमीटर पात्याची आणि नीट धार लावलेली. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी सुटली की कुठेही जाते. मूठ रबराची किंवा प्लास्टिकची असावी, कारण लाकडात रक्त मुरतं. बदलत्या पात्याच्या सुऱ्यांची हल्ली फार चलती आहे. मला त्या पोटाच्या आतल्या कामाला पसंत नाहीत. पातं वाकून तुटलं तर तुकडा नेमका तिथे हरवतो जिथे तुम्ही पुढच्या मिनिटाला हात घालणार असता. कातडं सोलायला त्या उत्तम.

बाकी: साधा पारदर्शक चष्मा किंवा गॉगल, जाड कागदी रुमालांची गुंडाळी, बारीक दोरी, डोक्याला लावायचा दिवा, घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, गोचीड काढायचा बारीक चिमटा, मांसासाठी हवा खेळणाऱ्या सुती पिशव्या. कपडे पूर्ण बाहीचे. पाणपक्षी साफ करणार असाल तर एन-९५ मास्क.

धनुर्वाताची लस वेळेवर घेतली आहे का, हे निघायच्या आदल्या आठवड्यात बघा.

तपासा: नखं कापली? अंगठी, घड्याळ, कडं काढलं? हातावरच्या जुन्या ओरखड्यांवर पाणी न शिरणारी पट्टी लावली? नखाच्या कडेची सोललेली कातडीसुद्धा यात मोजा.

## २. उघडायचं की नाही, हे ठरवा

जनावराकडे मागच्या बाजूने जा. लांब काठीने उघड्या डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तरच जवळ जा. बंदूक रिकामी करा आणि बाजूला ठेवा. हे मोजे घालण्याआधी झालं पाहिजे, नाहीतर रक्ताळलेल्या मोज्यांनी बंदूक हाताळायची वेळ येते.

आता सुरी न काढता दोन मिनिटं फक्त बघा. जनावर हाडाचा सापळा झालं होतं का? गोळी लागण्याआधी ते झोकांड्या देत होतं, लाळ गाळत होतं, माणसाला भीत नव्हतं? अंगावर पूची गळवं, नाकातून घाण स्राव, मागच्या बाजूला जुलाबाचे डाग? ससा पळायला हवा तेव्हा सुस्त बसून होता? यातलं काहीही दिसलं तर ते जनावर उघडू नका आणि वनखात्याला किंवा तिथल्या वन्यजीव अधिकाऱ्यांना कळवा. विचित्र वागणाऱ्या जनावरात रेबीजची शक्यता असते, आणि लाळ व मेंदू यांचा संपर्क त्यात सर्वात धोकादायक.

सावधान: आपण न मारलेलं, आयतं मेलेलं जनावर कधीही उघडू नका. नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठलेलं काळपट रक्त येत असेल तर अँथ्रॅक्सची शंका घ्यावी लागते. शव उघडलं की त्याच्या जिवाणूंना हवा मिळते, त्यांचे बीजाणू बनतात आणि ते जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात.

## ३. जागा मांडा, मग मोजे घाला

लोक इथेच घाई करतात. जनावर पडलेलं असतं, उजेड कमी होत असतो, आणि मोजे आधी चढतात. मग दोरी कुठे आहे, दिवा कुठे आहे, कागद फाडून द्यायचा कोणी, या प्रत्येक प्रश्नाला मळक्या हाताने खिसे चाचपले जातात.

त्यापेक्षा असं करा. जनावर उताण करा, डोकं चढाकडे, मागचा भाग उताराकडे. मागचे पाय फाकवून दोरीने बांधा किंवा सोबत्याला धरायला सांगा. गवत आणि पालापाचोळा कमी असलेली जागा निवडा. वारा पाठीमागून येईल असं बसा, म्हणजे वास आणि तुषार तोंडावर येत नाहीत. जनावराच्या एका बाजूला प्लास्टिकचा तुकडा पसरून सगळी हत्यारं त्यावर मांडा. कागदाचे दहा-बारा तुकडे आधीच फाडून ठेवा. कचऱ्याची पिशवी उघडून, कडा दुमडून, हाताशी ठेवा. मोज्यांच्या दोन जादा जोड्या पाकिटाबाहेर काढून स्वच्छ पिशवीवर ठेवा. फोटो काढायचा असेल तर आत्ताच काढा. पाणी प्यायचं असेल तर आत्ताच प्या. केस बांधा, चष्मा लावा, मास्क लावायचा असेल तर लावा. मोबाईल स्वच्छ पिशवीत टाका आणि पिशवी पाच पावलं लांब ठेवा. खिशात असलेला मोबाईल वाजला की हात आपोआप जातो.

मोजे चढवायचा क्रम: सुरी नसलेल्या हाताला आधी कापरोधी मोजा. मग दोन्ही हातांना खांद्यापर्यंतचे लांब मोजे. त्यावर घट्ट बसणारे नायट्राईलचे. लांब मोजा बोटांवर सैल असतो आणि सुरी घसरते. वरून नायट्राईल चढवला की पकड येते. नायट्राईलच्या दोन जोड्या घालत असाल तर आतली गडद रंगाची आणि बाहेरची फिकट घ्या. बाहेरची फाटली की गडद ठिपका लगेच दिसतो.

एक माणूस मळका, एक स्वच्छ ही वाटणी दोघं असताना सर्वात सोपी पडते. एक जण जनावराला हात लावतो, दुसरा फक्त कागद, पाणी, पिशव्या देतो. एकटे असाल तर स्वतःला एक नियम लावून घ्या: खांद्याच्या वर हात जाणार नाही. घाम आला तर दंडाच्या वरच्या भागाला कपाळ टेकवा.

## ४. पोट उघडणं

सर्वात जास्त घाण इथे होऊ शकते, म्हणून इथेच सर्वात सावकाश.

सुरुवात गुदद्वारापासून. त्याभोवती सुरीचं टोक गोल फिरवून तो भाग आजूबाजूच्या मांसापासून मोकळा करा, थोडा बाहेर ओढा आणि दोरीने घट्ट बांधा. ही गाठ न मारता पुढे गेलात तर आतडी ओढताना लेंड्या मांड्यांच्या मांसावर सांडतात. मादी असेल तर जननमार्गही याच गोलात घ्या. रानडुकराच्या मादीत गर्भ दिसला तर गर्भाशय फोडू नका, अख्खं बाजूला काढा.

नर हरणाच्या मागच्या पायांच्या आतल्या बाजूला, घोट्यासारख्या सांध्यापाशी, केसांचा एक काळपट झुबका असतो. ती ग्रंथी आहे. काही जण मांसाला वास लागू नये म्हणून ती आधी कापून टाकतात, आणि त्याच सुरीने, त्याच मोज्यांनी पुढे जाऊन तो वास स्वतःच मांसावर नेतात. तिला हात लावू नका, कापू नका. कातडं सोललं की ती त्यासोबत निघून जाते.

आता पोट. छातीचं हाड संपतं तिथून खाली, पोटावरची कातडी चिमटीत धरून वर उचला आणि एक लहान छेद घ्या. छेदातून दोन बोटं आत घाला, उलट्या ‘व्ही’सारखी पसरा आणि पोटाची भिंत त्या बोटांनी वर उचलून धरा. सुरीची धार वर, आकाशाकडे. पातं दोन बोटांच्या मध्ये. अशी आतून बाहेर कापत जननेंद्रियांकडे या.

धार वर ठेवायची दोन कारणं. खाली जठर आणि आतडी आहेत, टोक लागलं तर फुटतात. दुसरं, केसांचं. बाहेरून आत कापलं तर प्रत्येक घावागणिक शेकडो केस तुटतात आणि ओल्या मांसाला चिकटतात. प्रत्येक केसासोबत लेंड्या, लघवी, माती यातलं काहीतरी आत येतं. आतून बाहेर कापलं की केस बाजूला सरतात, तुटत नाहीत. एक हात कातड्याच्या केसाळ बाजूला आणि दुसरा मांसाच्या बाजूला हे भान सोलतानाही ठेवा. केसाळ बाजूचा हात मांसाला लावायची वेळ आली तर आधी मोजा बदला.

सावधान: गोळी पोटात लागली असेल किंवा जनावर सापडायला उशीर होऊन पोट फुगलं असेल तर पहिला छेद घेताना तोंड बाजूला करा. आत वायूचा दाब असतो आणि घाण पिचकारीसारखी उडते. चष्मा याच क्षणासाठी लावलेला असतो.

## ५. आतडी काढणं

हात आत घालण्याआधी दिव्याच्या उजेडात डोळ्यांनी बघून घ्या. बाणाने शिकार केली असेल आणि बाण पूर्ण बाहेर निघालेला नसेल, तर त्याचं पातं आत कुठेतरी आहे असंच धरून चाला. त्याची पाती वस्तऱ्यासारखी असतात आणि कुठलाही मोजा त्यांच्यापुढे टिकत नाही. जखमेची वाट कुठून कुठे गेली आहे ते शोधा, आणि पातं हाती लागेपर्यंत त्या वाटेत बोटं फिरवू नका. गोळी असेल तर फुटलेल्या बरगड्यांची टोकं आणि गोळीच्या धातूच्या पाकळ्या याच तऱ्हेने भोसकतात.

क्रम असा. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा बरगड्यांच्या कडेने कापा. मग एक हात छातीत वरपर्यंत नेऊन श्वासनलिका आणि अन्ननलिका चाचपा. श्वासनलिका कडक, कड्याकड्यांची लागते. त्या एका हाताने धरून दुसऱ्या हातातल्या सुरीने, धरलेल्या बोटांच्या वर, कापायच्या आहेत. हे काम नजरेआड होतं, त्यामुळे सुरी आत नेताना पात्यावर तर्जनी ठेवा, म्हणजे टोक कुठे आहे ते कळत राहतं. कापून झालं की सुरी आधी बाहेर काढा, प्लास्टिकवर ठेवा, आणि मगच ओढायला लागा. सुरी हातात ठेवून ओढणं ही सर्वाधिक दिसणारी आणि सर्वाधिक टाळता येणारी चूक.

ओढताना सगळं एका लोंढ्यात खाली सरकत येतं. मूत्राशयाची मान चिमटीत घट्ट दाबून धरा आणि तो सांडू न देता काढा. रानडुकराच्या काळजाला (म्हणजे यकृताला) पित्ताची पिशवी असते, तीही फुटू देऊ नका. हरणांमध्ये बहुतेक जातींना पित्ताशय नसतं, तेव्हा ते शोधत बसू नका.

जनावर कुशीवर वळवून आतलं रक्त उताराकडे निथळू द्या.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पसरलेल्या भागात पाठीचा कणा करवतीने कापू नका, कवटी फोडू नका. मेंदू, कण्यातली मज्जा, डोळे, प्लीहा, टॉन्सिल आणि लसिका गाठी यांना शक्यतो हातच लावू नका. तिथे पोट न उघडता बाहेरूनच मांसाचे मोठे भाग सोडवून घ्यायची पद्धत जास्त बरी. जनावराची तपासणी करून घेता येत असेल तर करून घ्या आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवा.

## ६. आतले अवयव बघा

आतडी टाकून द्यायच्या आधी काळीज, प्लीहा, फुप्फुसं यांवर नजर टाका. निरोगी काळीज एकसारखं गडद तांबूस, गुळगुळीत, कडा धारदार असतं. सशाच्या काळजावर आणि प्लीहेवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसले, प्लीहा फुगलेली असली, तर तुलारेमियाचा संशय घ्या. तिथेच थांबा. हरणाच्या फुप्फुसांवर किंवा बरगड्यांच्या आतल्या अस्तरावर पिवळट-पांढऱ्या गाठी हे क्षयाचं लक्षण असू शकतं. अशा जनावराचं मांस खाऊ नका आणि अधिकाऱ्यांना कळवा. संशयित काळीज चिरून बघायचा मोह होतो. चिरू नका.

सगळं ठीक असेल तर बाहेरची मोज्यांची जोडी इथे बदला. आतापर्यंतचे मोजे घाणीचे होते, पुढचे मांसाचे.

## ७. पोकळी साफ करणं

ओढ्याच्या किंवा तळ्याच्या पाण्याने शव धुवायची सवय कित्येकांना असते. ती सोडा. त्या पाण्यात काय आहे ते दिसत नाही, आणि ओलं मांस लवकर बिघडतं. कोरड्या कागदाने रक्त टिपून घ्या. प्रत्येक पुसणीला नवा तुकडा.

आतडं फुटून घाण लागलीच असेल तर ती पुसू नका. पुसल्याने तळहाताएवढा डाग वीतभर होतो. स्वच्छ सुरीने तो भाग थोड्या जास्तीच्या मांसासकट कापून टाका, आणि त्या कापणीनंतर सुरी धुवा. गोळीच्या जखमेभोवतीचं काळंनिळं, रक्त साकळलेलं मांसही सढळ हाताने काढा. शिशाच्या गोळीचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत उडालेले असतात.

तपासा: केस राहिले? हिरवट डाग राहिला? दोरीची गाठ, कागदाचा तुकडा आत राहिला?

## ८. मोजे काढणं आणि हात धुणं

मोज्यांवरचं जाड रक्त आधी कागदाने पुसा. एका मोज्याची मनगटाजवळची बाहेरची बाजू दुसऱ्या हाताने चिमटीत धरा आणि तो उलटा करत उतरवा. उतरवलेला मोजा मोजा घातलेल्या हाताच्या मुठीत धरा. आता उघड्या हाताचं बोट उरलेल्या मोज्याच्या आत, मनगटाच्या कातडीला लागून सरकवा आणि तोही उलटा करा. पहिला त्याच्या पोटात बंद होतो. उघडी बोटं बाहेरच्या बाजूला कुठेही लागत नाहीत. लांब मोजेही खांद्यापासून असेच उलटे करत उतरवा. घरी दोन-चार वेळा मोज्यांना रंग लावून सराव करा. हाताला रंग लागला तर कुठे चुकतंय ते लगेच कळतं.

मग साबण आणि पाणी, निदान वीस सेकंद. बोटांच्या मधे, नखांखाली, मनगटाच्या वर. सॅनिटायझर नुसता फासून भागत नाही, कारण रक्त आणि चरबीच्या थरातून अल्कोहोल नीट पोचत नाही. हात धुऊन कोरडे केल्यावर वरून लावायचा असेल तर लावा. धुईपर्यंत खाणं, पिणं, तंबाखू, सिगारेट, डोळे चोळणं बंद. गाडीचं दार उघडणंही बंद.

## ९. थंड करणं, नेणं, गोचीड

चार ते साठ अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि ताजं शव नेमकं याच पट्ट्याच्या मधोमध असतं. पोकळी काठीने फाकवून ठेवा, सावलीत टांगा, लवकरात लवकर चार अंशांखाली न्या. बर्फ वापरायचा तर बंद बाटल्यांमध्ये गोठवलेला, म्हणजे वितळलेलं पाणी मांसात मुरत नाही. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गरम शव बांधणं म्हणजे त्याला उबवणं.

शव थंड होऊ लागलं की गोचिडं आणि पिसवा नवीन ऊब शोधत निघतात. जवळची ऊब तुम्हीच असता. शव खांद्यावर टाकून नेत असाल तर मधे जाड प्लास्टिक घ्या. घरी पोचल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, कमरपट्ट्याखाली, कानांमागे आणि केसांत बघा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, जाळू नका, तेल ओतू नका.

आतड्यांची विल्हेवाट तिथल्या नियमांप्रमाणे, पाण्यापासून दूर. कुत्र्याला कच्चं काही घालू नका.

## १०. हत्यारं आणि कपडे

सुरी आधी साबणाने आणि गरम पाण्याने घासा. मूठ आणि पातं जुळतात त्या खाचेतला गाळ जुन्या दातघाशीने काढा. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं ठेवा, स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी करा. क्रम उलटा केला तर उपयोग नाही, कारण ब्लीचचा जोर रक्त आणि मांसाच्या कणांवरच संपून जातो. द्रावण त्या दिवशीचं त्या दिवशी बनवा. प्रिऑनची शंका असलेल्या भागात हे प्रमाण अपुरं आहे. तिथे दोन भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी, पाच मिनिटं. हे फक्त स्टीलच्या पृष्ठभागावर चालतं. चिकटलेल्या मांसाच्या आत ते पोचत नाही, म्हणून घासणं इथे अधिकच महत्त्वाचं.

सावधान: ब्लीचमध्ये अमोनियाचं किंवा आम्लाचं कुठलंही क्लीनर मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. मोकळ्या हवेत काम करा.

कपडे वेगळ्या पिशवीतून आणा, झटकू नका, घरच्या कपड्यांपासून वेगळे गरम पाण्यात धुवा. बुटांचे तळवे घराबाहेरच ब्रशने घासा.

## ११. कापलं, भोसकलं किंवा डोळ्यात उडालं तर

काम तिथेच थांबवा. “एवढं संपवून बघतो” हे वाक्य उच्चारायचं नाही. मोजा काढा, जखम साबण आणि पिण्याच्या पाण्याने काही मिनिटं धुवा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबा, पट्टी लावा. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. हाडाच्या टोकाने झालेली बारीक, खोल जखम दिसायला क्षुल्लक असते, पण ती धुऊन निघत नाही. ती डॉक्टरांना दाखवाच. रेबीजचा जराही संशय असेल तर त्याच दिवशी.

उरलेलं काम सोबत्याकडे द्या. सोबती नसेल तर पट्टीवर नव्या मोज्यांच्या दोन जोड्या चढवूनच पुढे जा.

पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. तुलारेमिया साधारण तीन ते पाच दिवसांत दिसतो, कधी दोन आठवड्यांपर्यंतही: अचानक ताप, ओरखड्याच्या जागी न भरणारा व्रण, काखेत किंवा कोपरापाशी सुजलेली गाठ. ब्रुसेलोसिस लबाड आहे. ताप येतो-जातो, रात्री घाम सुटतो, सांधे दुखतात, आणि हे सगळं सहसा दोन ते चार आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनी सुरू होतं. तोवर शिकार विसरलेली असते आणि साधा फ्लू म्हणून गोळ्या चालू असतात.

म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा: कोणतं जनावर, कोणत्या तारखेला, कुठल्या भागात, कापलं होतं का. रक्त तपासायला जाणार असेल तर ब्रुसेलोसिस किंवा तुलारेमियाचा संशय प्रयोगशाळेच्या फॉर्मवर लिहायला सांगा. हे जिवाणू काचेच्या ताटलीत वाढवताना तिथल्या तंत्रज्ञालाच लागण होऊ शकते, आणि आधी कळलं तरच तो जंतू बाहेर पडू न देणाऱ्या बंदिस्त कपाटात काम करतो.